एकच कोड मायएसक्यूएलवरही चालवा आणि पोस्टग्रेसवरही : पीएचपीत नवीन असणाऱ्यांसाठी डेटाबेस लायब्ररीची पूर्ण पद्धत

मी जळगावला असतो आणि रावेर-यावलकडच्या केळी व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचे वेब प्रोग्राम बनवतो. कटाई, काटा पावती, गाडीभाडं, शेतकऱ्याचं पेमेंट, असं सगळं. पहिला प्रोग्राम केला तेव्हा कॉलेजात शिकलो होतो तसंच केलं, म्हणजे प्रत्येक पानाच्या वर मायएसक्यूएलचं कनेक्शन आणि खाली जिथे लागेल तिथे क्वेरी. दोन वर्षं काही अडलं नाही. मग एका मोठ्या गिऱ्हाइकाने सांगितलं की आमच्या सर्व्हरवर पोस्टग्रेस (मायएसक्यूएलसारखाच दुसरा एक डेटाबेस) आहे, तुमचा प्रोग्राम त्याच्यावर चालला पाहिजे. मी हो म्हणून आलो, वाटलं कनेक्शनची एक ओळ बदलायची आणि झालं, पण बदलायला बसलो तेव्हा कळलं की मायएसक्यूएलची फंक्शनं बेचाळीस फायलींत पसरलीयेत आणि अर्ध्या क्वेऱ्या अशा आहेत की पोस्टग्रेस त्या घेतच नाही. ऐन कटाईच्या दिवसांत दीड महिना त्यात गेला. तुमचा दीड महिना वाचावा म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, फंक्शनची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीयेत, एडिटरमध्ये ती इंग्रजीतच टाईप करायची.

लागणारं सामान

- पीएचपी ८ किंवा पुढचं. विंडोजवर झॅम्प (पीएचपी, अपाचे वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) टाकलं तरी चालेल. त्याच्या पॅनेलवर मायएसक्यूएल लिहिलेलं असतं पण आत मारियाडीबी असतो, तो मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस, शिकायला काही फरक पडत नाही.
- पोस्टग्रेस वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, झॅम्पमध्ये येत नाही. इन्स्टॉल करताना जो पासवर्ड द्याल तो तेव्हाच वहीत लिहा.
- कंपोझर, म्हणजे पीएचपीच्या लायब्रऱ्या उतरवून घ्यायचं साधन, पण फक्त अ‍ॅडोडीबी ही लायब्ररी वापरणार असाल तर, तिच्याबद्दल २ मध्ये सांगतो.
- तुमच्या टेबलांची यादी कागदावर. कोणत्या कॉलममध्ये आकडा, कोणत्यात तारीख, कोणता रिकामा राहू शकतो. हा कागद पुढे फार कामाला येतो.

१. लायब्ररी काय करते आणि काय करत नाही

प्रत्येक डेटाबेसशी बोलायची पीएचपीची फंक्शनं वेगळी आहेत. मायएसक्यूएलची वेगळी, पोस्टग्रेसची वेगळी, ओरॅकलची अजून वेगळी. अ‍ॅब्स्ट्रॅक्शन लायब्ररी मधे बसते, तुम्ही तिच्याशी एकाच पद्धतीने बोलायचं आणि ती खालच्या ड्रायव्हरशी (त्या त्या डेटाबेसला जोडणारा भाग) त्याच्या भाषेत बोलते. कल्पना जुनी आहे, पर्ल भाषेत डीबीआय नावाची अशीच लायब्ररी १९९४ पासून आहे.

पण इथेच बहुतेक जण फसतात आणि मी पण फसलो होतो. लायब्ररी तुमची फंक्शनं एकसारखी करते, तुमचं एसक्यूएल एकसारखं करत नाही. क्वेरीत मायएसक्यूएलचंच काहीतरी खास लिहिलं असेल तर लायब्ररी ते जसंच्या तसं पोस्टग्रेसला नेऊन देते आणि तिथे एरर येतो. म्हणून लायब्ररी लावणं हे अर्धं काम, उरलेलं अर्धं तुमच्या क्वेरी लिहायच्या सवयीत आहे.

२. पीडीओ की अ‍ॅडोडीबी

या दोन्ही अशाच लायब्रऱ्या. पीडीओ पीएचपीसोबतच येतं, पीएचपी ५.१ पासून म्हणजे २००५ पासून. वेगळं डाऊनलोड नाही, वेग चांगला, आणि अडलं तर विचारायला माणसं भरपूर. पण ते एसक्यूएलला अजिबात हात लावत नाही.

अ‍ॅडोडीबी जॉन लिम यांनी २००० मध्ये सुरू केलं. मूडल या ऑनलाइन शिकवायच्या प्रोग्रामच्या जुन्या आवृत्त्या याच्यावरच चालायच्या. यात एसक्यूएलमधल्या फरकांसाठीही मदत आहे. सिलेक्टलिमिट नावाचं फंक्शन आहे, त्याला क्वेरी आणि किती ओळी पाहिजेत ते दिलं की ते त्या त्या डेटाबेसला चालेल तसं लिहून देतं. मजकूर जोडायला कॉन्कॅट आहे, नवीन आयडी द्यायला जेनआयडी आहे, टेबल बनवायसाठी डेटा डिक्शनरी आहे.

माझं मत विचाराल तर, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट (सर्व्हर न लागणारा, एका फायलीतला डेटाबेस) या तिघांतच फिरायचं असेल तर पीडीओ घ्या. ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हर पण येणार असेल, किंवा गिऱ्हाईक कोणता डेटाबेस देईल तेच माहीत नसेल, तर अ‍ॅडोडीबी घ्या. खालच्या पायऱ्या पीडीओ धरून लिहिल्यात, अ‍ॅडोडीबीचं वेगळं असेल तिथे सांगतो.

आणि जुन्या व्हिडिओत मायएसक्यूएल_कनेक्ट, मायएसक्यूएल_क्वेरी अशी फंक्शनं दिसली तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा. पीएचपी ७ मधून म्हणजे २०१५ मध्येच ती काढून टाकलीयेत.

३. ड्रायव्हर चालू आहे का बघा

पीडीओ असलं म्हणजे सगळे ड्रायव्हर असतात असं नाही. पीएचपी-इन्फोचं पान (पीएचपीची सगळी सेटिंग दाखवणारं) उघडा, त्यात पीडीओ ड्रायव्हर्सची ओळ शोधा. झॅम्पमध्ये मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट दिसतील, पोस्टग्रेस दिसणार नाही. पीएचपी डॉट आयएनआय फाईल उघडून पीडीओ_पीजीएसक्यूएलच्या ओळीपुढचा सेमिकोलन काढा, सेव्ह करा आणि अपाचे बंद करून परत चालू करा. अपाचे परत चालू न करता पान रिफ्रेश करत बसणारे खूप पाहिलेत. एररमध्ये "कुड नॉट फाइंड ड्रायव्हर" आलं तर बहुतेक वेळा तुमचा कोड बरोबर असतो, फक्त ही पायरी राहिलेली असते.

४. कनेक्शन एकाच फायलीत ठेवा

एक फाईल बनवा, तिच्यात कनेक्शन, बाकी सगळ्या पानांनी तीच फाईल घ्यायची. यूजर, पासवर्ड, डेटाबेसचं नाव हे अजून एका वेगळ्या फायलीत, आणि ती पब्लिक फोल्डरच्या बाहेर.

कनेक्शनसाठी डीएसएन नावाची एक ओळ लागते. आधी ड्रायव्हरचं नाव, मग कोलन, मग होस्ट, डेटाबेसचं नाव वगैरे सेमिकोलन टाकून. डेटाबेस बदलताना मुख्यतः हीच ओळ बदलते. तीन गोष्टी इथेच करून टाका :

- मायएसक्यूएलच्या डीएसएनमध्ये कॅरसेट यूटीएफ८एमबी४ द्या. नुसतं यूटीएफ८ देऊ नका. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ एका अक्षराला ३ बाइटपर्यंतच जातं, त्यात मराठी बसतं पण इमोजीला ४ बाइट लागतात, आणि हल्ली मोबाईलवरून शेरा टाकताना लोक इमोजी टाकतातच. पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस बनवतानाच एन्कोडिंग यूटीएफ८ ठेवा, तिथे ते पूर्ण आहे.
- एररमोड एक्सेप्शनवर ठेवा. पीएचपी ८ पासून ते आपोआप असतं, पण त्याआधी पीडीओ चूक झाली तरी गप्प बसायचं. होस्टिंगवर जुनं पीएचपी निघालं तर ही ओळ तुम्हाला वाचवेल.
- फेच मोड असोसिएटिव्ह ठेवा, नाहीतर प्रत्येक कॉलम दोनदा येतो, एकदा नावाने आणि एकदा नंबराने.

अ‍ॅडोडीबीत एडीओ-न्यू-कनेक्शनला ड्रायव्हरचं नाव द्यायचं, मग कनेक्ट. त्यात डीबग ट्रू केलं की प्रत्येक क्वेरी स्क्रीनवर दिसते, शिकताना ते चालूच ठेवा पण सर्व्हरवर टाकायच्या आधी आठवणीने बंद करा.

५. व्हॅल्यू क्वेरीत चिकटवू नका

हे मी एका फजितीतून शिकलो. आमच्या फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकाना होता. यावलकडच्या एका मुनिमाने त्यात लागवडीचं अंतर टाकलं, ५' बाय ५'. केळीची लागण आपल्याकडे अशीच लिहितात. ते फुटाचं चिन्ह म्हणजे एसक्यूएलला स्ट्रिंग संपल्याची खूण. क्वेरी तिथेच तुटली आणि पावती सेव्ह झाली नाही. त्या बिचाऱ्याने काहीच चुकीचं केलेलं नव्हतं. आणि जे साध्या फुटाच्या चिन्हाने तुटतं ते कोणी मुद्दाम तोडायचं ठरवलं तर तुमचा पूर्ण डेटा घेऊन जाऊ शकतो, एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच.

म्हणून प्रिपेअर आणि एक्झिक्युट. क्वेरीत व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा कोलन लावून नाव द्यायचं (याला प्लेसहोल्डर म्हणतात), आणि व्हॅल्यू वेगळ्या पाठवायच्या. अ‍ॅडोडीबीत एक्झिक्युटलाच क्वेरी आणि व्हॅल्यूंचा अ‍ॅरे देता येतो, तिथे प्रश्नचिन्हाऐवजी पॅरम हे फंक्शन वापरलं तर प्रत्येक डेटाबेसचं चिन्ह ते स्वतः टाकतं.

यात अडकायच्या जागा :

टेबलाचं किंवा कॉलमचं नाव प्लेसहोल्डरमधून पाठवता येत नाही. कशाने सॉर्ट करायचं ते यूजर निवडणार असेल तर चालणाऱ्या कॉलमची यादी कोडमध्ये ठेवा आणि त्यातलंच घ्या.

मायएसक्यूएलवर पीडीओ मुळात खरं प्रिपेअर करत नाही, स्वतःच व्हॅल्यू भरून क्वेरी पाठवतं, त्याला इम्युलेट म्हणतात. अशा वेळी लिमिटचा आकडा एक्झिक्युटच्या अ‍ॅरेतून पाठवला तर तो अवतरणचिन्हात जातो आणि एरर येतो. बाइंडव्हॅल्यूने इंटिजर म्हणून पाठवा, किंवा इम्युलेट बंद करा. बंद केलं तर एकच नाव एका क्वेरीत दोनदा वापरता येत नाही, दोन नावं द्या.

६. दोन्हीकडे चालेल असं एसक्यूएल लिहा

माझा दीड महिना जास्त करून इथेच गेला, म्हणून हे सावकाश वाचा.

अवतरणचिन्हं. मायएसक्यूएलमध्ये पाटील हे नाव दुहेरी अवतरणात लिहिलं तरी चालतं. पोस्टग्रेस दुहेरी अवतरणातल्या गोष्टीला कॉलमचं नाव समजतो आणि म्हणतो की पाटील नावाचा कॉलमच नाही. मजकुराला कायम एकेरी. आणि मायएसक्यूएलची ती उलटी तिरकी खूण, बॅकटिक, ती कुठेच नको. ऑर्डर, ग्रुप, यूजर अशी नावं टेबलांना दिलीच नाहीत तर तिची गरज पडत नाही.

नावं सगळी स्मॉलमध्ये. विंडोजवर मायएसक्यूएल टेबलाच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल बघत नाही, लिनक्सवर बघतो. घरी चालतं आणि होस्टिंगवर टाकलं की टेबल सापडत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

ग्रुप बाय. शेतकरीनिहाय वजनाची बेरीज काढताना मी शेतकऱ्याचं नाव आणि गाव दोन्ही सिलेक्टमध्ये घ्यायचो आणि ग्रुप फक्त नावावर. जुन्या मायएसक्यूएलने ते चालवून घेतलं. चालवून घेतलं म्हणजे बरोबर होतं असं नाही, एकाच नावाचे दोन शेतकरी, एक चिनावलचा आणि एक निंभोऱ्याचा, त्यांची बेरीज एकत्र करून कोणतं तरी एक गाव दाखवायचा. पोस्टग्रेसने क्वेरी नाकारली तेव्हा ही चूक सापडली. मायएसक्यूएलही ५.७ पासून मुळातच नाकारतो. बेरजेबाहेरचं जे सिलेक्टमध्ये आहे ते सगळं ग्रुप बायमध्ये घ्या, आणि माणसाला ओळखायला नाव नाही, आयडी वापरा.

शोध. पाटील इंग्रजीत मोठ्या पी ने सेव्ह केलं आणि लहान पी ने शोधलं तर मायएसक्यूएलच्या लाइकला सापडतं, पोस्टग्रेसच्या लाइकला सापडत नाही. दोन्ही बाजूंना लोअर लावा.

रिकामा रकाना. फॉर्ममधला मोकळा रकाना रिकामी स्ट्रिंग होऊन येतो. आकड्याच्या किंवा तारखेच्या कॉलमला पोस्टग्रेस ती घेत नाही, कोडमध्येच तिचं नल (म्हणजे व्हॅल्यूच नाही) करा. ओरॅकलमध्ये तर रिकामी स्ट्रिंग म्हणजेच नल. मायएसक्यूएलमधली सगळी शून्यं असलेली तारीख पण पोस्टग्रेसला चालत नाही.

जोडणी. नाव आणि आडनाव जोडायला पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूलाइटमध्ये दोन उभ्या रेघा, एसक्यूएल सर्व्हरमध्ये अधिकचं चिन्ह, आणि मायएसक्यूएलमध्ये त्याच दोन उभ्या रेघांचा अर्थ होतो "किंवा", म्हणजे एररही येत नाही आणि नावाच्या जागी ० दिसतो. पीएचपीत जोडा, प्रश्न मिटला.

इफनल नको, कोअलेस वापरा, ते सगळीकडे चालतं.

पैसे आणि वजन डेसिमलमध्ये, फ्लोटमध्ये कधीच नाही. क्विंटल आणि भावाचा गुणाकार पैशापर्यंत जुळला पाहिजे, शेतकरी पट्टी घरी नेऊन कॅल्क्युलेटरवर मांडून बघतो.

मराठी नावांची लांबी. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस व्हारकॅरची लांबी अक्षरांत मोजतात, ओरॅकल मुळात बाइटमध्ये. "प्रकाश पाटील" हे यूनिकोडच्या हिशोबाने १२ अक्षरं आहेत, काना-वेलांटी-हलन्त धरून, पण मराठीचं प्रत्येक अक्षर ३ बाइटचं, त्यामुळे मधली स्पेस धरून ३४ बाइट होतात. ३० चा कॉलम ठेवला तर ओरॅकलमध्ये इतकं साधं नाव बसत नाही. तिथे कॉलम बनवताना लांबी कॅरमध्ये आहे असं स्पष्ट लिहावं लागतं.

७. तारीख आणि वेळ पीएचपीतूनच पाठवा

सावद्याला एका व्यापाऱ्याकडे नेटचा भरवसा नव्हता म्हणून तिथे लॅपटॉपवर एसक्यूलाइट ठेवला होता. कटाई पहाटेपासून चालते, पहिली गाडी पाच वाजता काट्यावर. एके दिवशी त्यांचा फोन आला, "आजची गाडी कालच्यात कशी काय दिसून राह्यली भो?" मी अर्धा दिवस शोधत होतो. एसक्यूलाइटचा करंट_टाइमस्टॅम्प यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचची पावती आदल्या दिवशीच्या रात्री साडेअकराला लागत होती. दुपारच्या पावत्या बरोबर दिसायच्या म्हणून इतके दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून डेटाबेसला वेळ विचारायची नाही असं ठरवलं. पीएचपीत टाइमझोन एशिया-कोलकाता ठेवायचा, तारीख वर्ष-महिना-दिवस अशी बनवायची आणि प्लेसहोल्डरमधून पाठवायची, हा फॉरमॅट मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट तिघांना चालतो. दाखवतानाचा फॉरमॅटही पीएचपीत, कारण मायएसक्यूएलचं डेट_फॉरमॅट, पोस्टग्रेसचं टू_कॅर आणि एसक्यूलाइटचं स्ट्रफटाइम, तिघं एकमेकांत चालत नाहीत. महिन्याचा रिपोर्ट काढायचा तर महिन्याची पहिली तारीख आणि पुढच्या महिन्याची पहिली तारीख पीएचपीत काढा, पहिलीपासून पुढचं आणि दुसरीच्या आधीचं असं मागा.

८. ट्रान्झॅक्शन

पावती, तिच्या ओळी आणि शेतकऱ्याचं खातं, तिन्ही एकत्र सेव्ह झालं पाहिजे नाहीतर काहीच नको. बिगिन, मग कामं, मग कमिट, एक्सेप्शन आलं तर रोलबॅक. मायएसक्यूएलमध्ये टेबल साठवायचे वेगवेगळे प्रकार असतात, तुमची टेबलं इनोडीबी आहेत ना ते बघा, मायआयसॅमवर रोलबॅक होत नाही. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या मधे एक क्वेरी जरी चुकली तरी रोलबॅक होईपर्यंत तो पुढची एकही क्वेरी घेत नाही, त्यामुळे दिसणारा एरर भलत्याच क्वेरीचा असतो. लॉगमध्ये वर जाऊन पहिला एरर शोधा.

मधे टेबल बनवणं किंवा बदलणं ठेवू नका, मायएसक्यूएल तिथे आपोआप कमिट करून टाकतो.

९. पहिल्या दिवसापासून दोन डेटाबेसवर चालवा

मी आता नवीन प्रोग्राम सुरू केला की पहिलं टेबल बनवलं त्याच दिवशी तो मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्हींवर उघडून बघतो. रोज संध्याकाळी डीएसएन बदलायचं, एक पावती टाकायची, एक शोधायची, एक रिपोर्ट काढायचा. दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी लिहिलेली क्वेरी त्या दिवशी दुरुस्त करायला काहीच वाटत नाही. पोस्टग्रेस जास्त कडक आहे म्हणून लिहितानाच त्याच्यावर लिहिलं तर अजून बरं, तिथे चाललेलं मायएसक्यूएलवर सहसा चालतं, उलट होत नाही. एसक्यूलाइटवर टेस्ट करत असाल तर फॉरेन कीची (एका टेबलातला आयडी दुसऱ्या टेबलात खरंच आहे ना याची) तपासणी प्राग्मा ही कमांड देऊन चालू करा, मुळात ती बंद असते.

१०. होस्टिंगवर टाकताना

सीपॅनेलवर (होस्टिंग सांभाळायचं पॅनेल) डेटाबेसच्या आणि यूजरच्या नावापुढे अकाउंटचं नाव आपोआप लागतं, कॉन्फिगमध्ये पूर्ण नाव टाका. यूजर बनवला म्हणजे त्याला डेटाबेसची परवानगी मिळाली असं नाही, ती वेगळी द्यावी लागते. लोकलहोस्ट चालत नसेल तर १२७.०.०.१ टाकून बघा, लिनक्सवर मायएसक्यूएलला लोकलहोस्ट म्हटलं की ते सॉकेट फाईल शोधतं, नेटवर्कने जात नाही. एरर स्क्रीनवर दाखवणं बंद आणि लॉगमध्ये लिहिणं चालू, कारण कनेक्शनच्या एररमध्ये यूजरचं नाव, कधी कधी पासवर्डसुद्धा दिसून जातो.

११. जुना डेटा मायएसक्यूएलमधून पोस्टग्रेसमध्ये हलवताना

आधी बॅकअप, आणि तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघितलेला. मग पालक टेबलं आधी, शेतकरी, गाव, व्यापारी, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली पावत्यांची टेबलं नंतर. प्रत्येक टेबलाच्या ओळी दोन्हीकडे मोजा, आणि नुसत्या ओळी मोजून थांबू नका, वजनाची आणि रकमेची एकूण बेरीज पण जुळवा.

शेवटची अडचण अशी की हे सगळं जुळलं तरी नवीन पहिलीच पावती सेव्ह होत नाही, "डुप्लिकेट की" येतं. आयडी तुम्ही जुनेच घातले, पण पोस्टग्रेसचा आयडी देणारा सिक्वेन्स अजून १ वरच उभा आहे आणि १ नंबरची पावती तर आधीच आहे. प्रत्येक टेबलासाठी सेटव्हॅल देऊन सिक्वेन्स सर्वात मोठ्या आयडीवर आणा. हे रात्रीच करून, एक खोटी पावती टाकून आणि काढून बघा, आणि मगच मुनिमाला सकाळचं लॉगिन द्या, कारण पाच वाजता गाडी काट्यावर उभी असते.